यार्देनेचे शुद्धिपत्र

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या उमाजी मास्तरांनी पंचवीस वर्षे यार्देन नदी दुथडी भरून वाहती ठेवली होती, आणि तीही एकदाही न पाहता. ग्वाल्हेरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींत त्यांच्या कीर्तनाला तोड नव्हती. मंडळी ती किती, तर लष्कर आणि मुरार मिळून जेमतेम चाळीस घरे. पण नाताळ असो, ईस्टर असो की कुणाचे बारसे, मास्तर उपरणे कमरेला बांधून, हातात चिपळ्या घेऊन उभे राहिले की शेजारच्या हिंदू घरांतली माणसेही येऊन बसत. दक्षिणेतून शिंद्यांच्या मागोमाग आलेली ही सगळी घरे. कीर्तन म्हटले की त्यांचे पाय आपोआप वळत, मग आख्यान राजा हरिश्चंद्राचे असो की राजा दाविदाचे.

दिवसा मास्तर दरबारी छापखान्यात खिळे जुळवत. 'मास्तर' ही पदवी त्यांना रविवारच्या शाळेतल्या पोरांनी दिलेली, पण ती इतकी अंगाला बसली होती की छापखान्याच्या हजेरीपुस्तकातसुद्धा कुणीतरी ती शिरकवून टाकली होती. वडील नगरकडून एका सरदाराच्या पागेत नोकरीला आले तेव्हा उमाजी आईच्या कडेवर होते. पुढे ते वाढले, पण फार वाढले नाहीत. बुटके, सावळे, आणि आवाज मात्र असा की छापखान्यात त्यांना दिवसातून चार वेळा हळू बोलायला सांगावे लागे.

त्यांच्या कीर्तनाची एक खुबी होती. बायबलातली कुठलीही जागा ते ग्वाल्हेरच्या मापाने सांगत. श्रोत्यांनी यरुशलेम कुठे पाहिले होते, आणि सांगणाऱ्याने तरी कुठे पाहिले होते. तेव्हा यरुशलेमचा तट म्हणजे आपल्या किल्ल्याचा तट. गल्याथ राक्षस म्हणजे किल्ल्याच्या कड्यात कोरलेली ती सर्वांत उंच जैन मूर्ती, तेवढा. प्रभूने मंदिरातून हाकलून दिलेले व्यापारी म्हणजे टोपी बाजारातले, आणि टोपी बाजारातले दोन-तीन दुकानदार समोरच बसलेले असत, त्यांनाच त्या जागी सर्वांत जास्त हसू येई. प्रभूला क्रुसावर दिले ती कालवरीची टेकडी म्हणजे किल्ल्याची चढण, भर उन्हातली. आणि यार्देन म्हणजे चंबळ. साधी चंबळ नव्हे, श्रावणात धौलपूरच्या अलीकडे दोन्ही काठ गिळून बसते ती.

यार्देन हे त्यांचे हुकमी आख्यान. यहोशवा इस्राएल लोकांना घेऊन काठाशी येतो, पुढे पाणीच पाणी, पोरेबाळे आयांच्या कमरेला घट्ट धरलेली. तबल्यावर मुरारचा दौलतसिंह असे. हा मूळचा हिंदी मुलखातला, पण मास्तरांच्या संगतीत त्याला मराठी सगळे समजू लागले होते. तो डग्ग्यावर पाण्याचा असा काही घुमारा काढी की मागे बसलेली माणसे पाय आखडून घेत. मग मास्तर डोळे मिटून स्वतः रचलेले पद म्हणत:

दुथडी भरून चाले यार्देन माई,
पैलतीर नजरेला दिसतच नाही.

हे पद सुरू झाले की पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या विजयाबाई पदर तोंडाशी धरत. विजयाबाई म्हणजे जनाना इस्पितळातल्या जुन्या सुईण. चाळीस वर्षे नोकरी केलेली, अर्धे लष्कर त्यांच्या हातावर जन्माला आलेले, मास्तरांची तिन्ही मुलेसुद्धा. मूळच्या शिलेदार घराण्यातल्या. नवरा आणि दोन मुली एकाच प्लेगात गेली, त्यानंतर त्या ख्रिस्ती झाल्या. बाकीची कीर्तने त्या कधीमधी चुकवत, पण यार्देनेचे आख्यान असले की पाऊस असो, ताप असो, बाई हजर. मास्तरांना याचा फार अभिमान. बाईंचा जीव आपल्या यार्देनेवर आहे, असे ते बायकोला, शामलाबाईंना, दर खेपेला सांगत. शामलाबाई भाजी चिरता चिरता 'असेल' एवढेच म्हणत.

तर सन एकोणीसशे चौतीसच्या सुरुवातीला झाशीच्या पाद्रीसाहेबांनी पवित्र भूमीच्या यात्रेचा बेत काढला. झाशी, ग्वाल्हेर, आग्रा मिळून सोळा माणसे. ईस्टर यरुशलेमात करायचा, बेथलेहेम, यार्देन, गालील पाहायचे आणि उन्हाळ्यातली लू सुरू होता होता घरी परतायचे. ग्वाल्हेरच्या वाट्याला दोन जागा आल्या. मंडळीच्या बैठकीत मास्तरांचे नाव एकाने घेतले आणि बाकीच्यांनी उचलून धरले. इतकी वर्षे हा माणूस आपल्याला तिकडचे सांगतो, आता त्याला तिकडे धाडू या. दुसऱ्या जागेवर दौलतसिंह, कारण मास्तर एकटे गेले तर बोलण्याच्या नादात बोट चुकवतील, अशी सगळ्यांची खात्री होती.

रजा द्यायची ती रघुनाथरावांनी. रघुनाथराव छापखान्याचे मुख्य मुद्रिततपासनीस, दक्षिणी ब्राह्मण, चष्म्यावरून पाहणारे. ते मास्तरांचे वर्षानुवर्षांचे श्रोते होते आणि चुका काढणे हा त्यांचा नुसता धंदा नव्हता, विरंगुळाही होता. त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि एक अट घातली. परत आल्यावर एक कीर्तन करायचे, आणि त्यात डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगायचे, ऐकीव काही नाही. मास्तरांनी छातीवर हात ठेवून कबूल केले. आपल्या मापांत एका बोटाचाही फरक निघणार नाही, असे त्यांना मनापासून वाटत होते.

निघायच्या आदल्या दिवशी गाठीभेटी झाल्या. कुणाला यार्देनेचे पाणी हवे होते, कुणाला जैतुनाचे पान, कुणाला बेथलेहेमची माती. शेवटी मास्तर विजयाबाईंकडे गेले. त्या थंडीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या, पाय सुजलेले, आवाज मात्र इस्पितळातलाच. त्यांनी काहीच मागितले नाही. मास्तरांना खाटेजवळ बसवले आणि म्हणाल्या, "मला काही आणू नको रे. फक्त यार्देन नीट बघून ये. पाणी किती आहे, पैलतीर दिसतो का, ते बिलकुल खरं खरं मला येऊन सांग. आणि जरा जल्दी ये."

मास्तर गहिवरले. मरायला टेकलेली म्हातारी, आणि तिला आपल्या आख्यानाची आस. घरी येऊन त्यांनी शामलाबाईंना सांगितले की बाईंसाठी ती नदी डोळ्यांत भरून आणीन.

मुंबईहून बोट सुटली आणि दौलतसिंह आडवा झाला तो एडन येईपर्यंत उठला नाही. मास्तरांना समुद्र काही लागला नाही. त्यांना भूक मात्र दुप्पट लागू लागली. बोटीवरचे खलाशी रत्नागिरीकडचे मुसलमान. मास्तरांचे मराठी कानावर पडताच ते जमले, आणि तिसऱ्या दिवशी डेकवर योना आणि माशाचे कीर्तन झाले. खलाश्यांना गोष्ट त्यांच्या परीने ठाऊक होती. त्यांनी माशाच्या लांबीबद्दल दोन शंका काढल्या आणि मास्तरांनी एक मानली. झाशीचे पाद्रीसाहेब म्हणाले की आपल्या आयुष्यात इतकी तल्लीन मंडळी आपण चर्चमध्येही पाहिली नव्हती.

पुढे पोर्ट सैद, तिथून आगगाडी, कालवा, पुन्हा आगगाडी, आणि एका सकाळी डोंगर चढून गाडी यरुशलेमला आली. मास्तरांनी खिशातून एक छोटी वही काढली. छापखान्याची सवय. डाव्या बाजूला आपण कीर्तनात काय सांगितले ते, उजव्या बाजूला काय दिसले ते.

सुरुवात तर झकास झाली. जुन्या शहरातल्या गल्ल्यांत पाऊल टाकले मात्र, मास्तर जागच्या जागी थांबले. वर छप्पर, खाली दगडी फरशी, दोन्हीकडे दुकाने, पितळेची भांडी, कापडाचे तागे, मसाल्याची पोती, आणि दुकानदार येणाऱ्याजाणाऱ्याची बाही धरून आत ओढणारे. टोपी बाजारच. मास्तरांनी दौलतसिंहाला भर रस्त्यात मिठी मारली. एका दुकानदाराला वाटले हे दोघे बऱ्याच वर्षांनी भेटलेले भाऊ आहेत, आणि त्याने त्यांना कॉफी पाजली. वहीत मास्तरांनी मोठी खूण केली.

तट पाहिला तेव्हा मात्र वहीत खूण झाली नाही. तट होता देखणा, पण आपल्या किल्ल्यापुढे बुटकाच. बेथलेहेमात जन्मस्थानाच्या मंदिराचे दार इतके ठेंगणे की प्रत्येकाला वाकूनच आत जावे लागते. मास्तरांनाही वाकावे लागले, याचे दौलतसिंहाला फार समाधान वाटले. मग गुड फ्रायडेच्या दिवशी कालवरी. मास्तर सकाळपासून काठी घेऊन तयार होते, चढण आहे म्हणून. पाद्रीसाहेबांनी सगळ्यांना एका मोठ्या जुन्या चर्चमध्ये नेले, धूप आणि मेणबत्त्यांच्या गर्दीतून एका उंच पायऱ्यांच्या जिन्याने वर चढवले आणि म्हणाले, हीच ती जागा. मास्तरांनी पायऱ्या मोजल्या. वीसही भरल्या नाहीत. त्यांना धापसुद्धा लागली नव्हती.

ते तिथे गुडघे टेकून बसले आणि रडले. जागेची उंची कमी म्हणून नव्हे. ती जागा होती म्हणून. पण खाली आल्यावर वहीत लिहावे तर लागलेच. दौलतसिंह डोकावून पाहत होता, त्याला ते म्हणाले की एक-दोन चुका कुणाच्याही हातून होतात, यार्देन आहे ना अजून.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी मोटारबस यरीहोकडे उतरू लागली. जसजसे खाली जावे तसतसे उकडू लागले. उकाड्याने ग्वाल्हेरचा जेठ चैत्रातच गाठला. मास्तर पुढच्या बाकावर उपरणे सावरून बसले होते आणि दर वळणाला कान देऊन पाण्याचा आवाज येतो का ते ऐकत होते. झाडीशी बस थांबली. मंडळी उतरून झुडपांतून वाट काढत काठाशी आली आणि पाद्रीसाहेबांनी टोपी काढली.

समोरून मातकट पाण्याचा एक प्रवाह वळण घेऊन चालला होता. मास्तरांनी तो पाहिला आणि पुढे चालू लागले. हा कालव्याचा पाट असावा, नदी पलीकडे असेल, असे त्यांनी दौलतसिंहाला समजावले. दौलतसिंहाने त्यांचे उपरणे मागून धरले.

"मास्टरजी, पादरी साहब कह रहे हैं, यही है."

मास्तर उभेच राहिले. चंबळ राहिली बाजूला, तिच्या वाळवंटातल्या एखाद्या धारेएवढी ही नदी. बाकीची मंडळी हरखून गेली होती. आग्र्याची दोन वयस्क भावंडे पांढरे सदरे घालून पाण्यात उतरली, कुणी गाणे धरले, कुणी बाटल्या भरू लागले. मास्तर एका पडलेल्या खोडावर जाऊन बसले. पंचवीस वर्षांचे हुकमी आख्यान त्या मातकट पाण्यात विरघळून गेले होते.

रघुनाथराव हसतील, छापखान्यात आठ दिवस तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे तर दिसतच होते. ते सोसता आले असते. पण विजयाबाई. त्या खाटेवर पडून वाट पाहत होत्या. आयुष्यात ज्या एका आख्यानासाठी म्हातारी तापात उठून येत होती, ते खोटे होते, नदी एवढीशीच आहे, असे तिला शेवटच्या दिवसांत जाऊन सांगायचे? मास्तरांना ते जमेल असे वाटेना. आणि न सांगावे तर छातीवर हात ठेवून दिलेला शब्द होता.

पाद्रीसाहेब शेजारी येऊन बसले. त्यांना सगळे कळल्यावर त्यांनी शास्त्राधार काढला. यहोशवाने नदी ओलांडली तेव्हा ती काठ सोडून वाहत होती, असे पुस्तकातच आहे. तेव्हा मास्तरांचे आख्यान खोटे असे कुणी म्हणू शकणार नाही. दौलतसिंहाने याहून सोपा उपाय सांगितला, की यंदा इकडे पाऊस पडला नाही असे सांगून टाकावे. दोन्ही तोडगे चांगले होते आणि दुसरा तर कुणी तपासायला येणार नव्हते. मास्तरांचे मन डळमळू लागले. त्यांना स्वतःचा राग आला, नदीचाही आला. हाताशी एक गोटा होता, तो उचलून त्यांनी त्या पाण्यावर रागाने भिरकावला.

गोटा पाण्यात पडलाच नाही. तो सरळ पैलतीरावर जाऊन आदळला.

तिथे एक माणूस गाढवाला पाणी पाजत होता. गोटा त्याच्या पायापासून चार हातांवर पडला. तो दचकून उभा राहिला आणि त्याने आपल्या भाषेत मास्तरांचा जो उद्धार केला, त्यातला शब्द न् शब्द अलीकडे स्वच्छ ऐकू आला. मास्तर ताडकन उठले. हात जोडून, कीर्तनातल्या आवाजात, चक्क मराठीत, त्यांनी माफी मागितली. तो माणूस पाहत राहिला. असा ठेंगणा, धोतर नेसलेला, हात जोडून गरजणारा मनुष्य त्याने जन्मात पाहिला नसावा. मग तो हसू लागला. त्याचा वरचा पुढचा एक दात पडलेला होता. हात हलवून तो काहीतरी म्हणाला. दौलतसिंहाचे म्हणणे, तो चहाला बोलावत होता.

मास्तर त्याच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनाही हसू फुटले, आणि ते काही केल्या थांबेना. त्यांना एकाएकी याच नदीत बाप्तिस्मा देणारा योहान दिसला. कमरेइतक्या पाण्यात उभा, दोन्ही काठांवर माणसे बसलेली, आणि या काठावरच्या बाईला त्या काठावरचा आपला भाऊ ओळखू येतो आहे. इतकी वर्षे त्यांच्या आख्यानात नुसते पाणी होते. माणसे त्यांना आज दिसली. ते धोतराचा काचा मारून नदीत शिरले, तीन बुड्या मारल्या, आणि काठावर येऊन ओल्या हातांनी वही उघडली. छापखान्यात खिळा चुकीचा बसला तर तो उपसून पुन्हा बसवायचा, त्यावर शाई जास्त लावून भागत नाही, हे ते शिकाऊ पोरांना रोज सांगत. त्यांनी लिहिले: 'चंबळ काढून टाकणे.' विजयाबाईंची काळजी तेवढी मनातून गेली नाही. ती बोटीत त्यांच्याबरोबर परत आली.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, ऊन उतरल्यावर, चर्चच्या अंगणात लिंबाखाली कीर्तन ठरले. झाडून सगळे आले. टोपी बाजारचे दुकानदार आले. रघुनाथराव चष्मा पुसून पुढे बसले. विजयाबाईंना शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून आणले आणि नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत, भिंतीशी ठेवले. मास्तर आल्यापासून दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन, आत न शिरता परतले होते.

मास्तर उभे राहिले. चिपळ्या वाजवल्या नाहीत. खिशातून वही काढली आणि म्हणाले की मंडळी, पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या तर शेवटी शुद्धिपत्र जोडतात. माझी पंचवीस वर्षांची कीर्तने छापून झालेली आहेत, आज मी त्यांचे शुद्धिपत्र वाचतो.

आणि ते वाचू लागले. यरुशलेमचा तट ग्वाल्हेरच्या किल्ल्याएवढा सांगितला होता, तो निम्मा करून घ्यावा. अंगणात हशा पिकला, आणि ग्वाल्हेरकरांच्या चेहऱ्यांवर थोडा अभिमानही. कालवरीची चढण किल्ल्याची होती, तिथे वीसेक पायऱ्यांचा जिना समजावा, पण चढताना गुडघे कापतात ते तसेच ठेवावे. टोपी बाजार मात्र अक्षरशः बरोबर होता, त्यात कानामात्रेचा फरक नाही. दुकानदारांनी टाळ्या पिटल्या. रघुनाथरावांना इतके हसू येत होते की त्यांनी चष्मा काढून हातात धरला. चुकांची एवढी मोठी मेजवानी त्यांना आजवर कुणी दिली नव्हती.

मग यार्देन आली. दौलतसिंहाचा हात सवयीने डग्ग्यावर गेला आणि घुमारा सुरू झाला. मास्तरांनी हात वर करून तो थांबवला.

"यार्देन," ते म्हणाले, "चंबळ नाही. मी बसल्या जागेवरून गोटा मारला, तो पैलतीरावर पडला."

कुणी हसले नाही. मागून एकजण 'बस, एवढीच?' असे पुटपुटला. मास्तरांनी तो गाढववाला सांगितला, त्याच्या शिव्या सांगितल्या, आपली माफी सांगितली, पण त्यांचे लक्ष पहिल्या रांगेकडे होते. विजयाबाई मान खाली घालून बसल्या होत्या, पदर तोंडाशी. मास्तर पुढे झाले.

"बाई, तुमची नदी मी लहान केली. पण खरं सांगायला तुम्हीच सांगितलं होतं. मला माफ करा."

विजयाबाईंनी मान वर केली. "तो पलीकडला माणूस तुला साफ दिसत होता?"

"साफ. त्याचा एक दात पडलेला होता, तोसुद्धा दिसला."

"आणि आवाज?"

"मी ओरडायची गरजच नव्हती, बाई. हळू बोललो असतो तरी त्याला ऐकू गेलं असतं."

बाईंचे खांदे हलू लागले. मास्तरांना वाटले, झाले, म्हातारीला रडवले. ते खाली वाकून पाहतात तो बाई हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, सुजलेल्या पायांसकट सगळ्या हसत होत्या.

"अरे उमाजी," त्या म्हणाल्या, "तुझं ते गाणं मला आवडतं म्हणून मी येत होते असं वाटलं तुला? माझी माणसं पलीकडे आहेत रे. आमचे हे आहेत, दोन पोरी आहेत. तू म्हणायचास, पैलतीर दिसत नाही. मी घरी जायची आणि जीव नुसता घाबरायचा, की इतक्या पाण्यातून मी त्यांना सापडणार कशी. मग पुढल्या खेपेला परत यायची. वाटायचं, आज तरी हा पाणी थोडं उतरवील."

मास्तर तिथेच, बाईंच्या खुर्चीशी, मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. ते त्यांनी कुणापासून लपवलेही नाही. पंचवीस वर्षे ज्या माउलीच्या डोळ्यांतले पाणी ते आपल्या कीर्तनाची पावती समजत होते, तिला ते दर खेपेला बुडवून घरी पाठवत होते. बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता रडू नको. रोने की क्या बात है. पोरी लहान होत्या माझ्या, पण हाक मारली की ओळखतील. तू ऊठ, आणि तो गोटा कसा मारलास ते परत पहिल्यापासून सांग."

मास्तर उठले. उपरण्याने तोंड पुसून त्यांनी चिपळ्या घेतल्या आणि यार्देनेचे आख्यान नव्याने सुरू केले. दौलतसिंहाने घुमारा काढला नाही, बोटांनी हलकाच ठेका धरला, चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा. रघुनाथराव हसण्याचे विसरून पुढे सरकून बसले. गोटा पैलतीरावर पडला तिथे विजयाबाईंनी मास्तरांना थांबवले आणि ती जागा पुन्हा सांगायला लावली, आणि ती सांगून झाल्यावर आणखी एकदा. अंधार पडायच्या आत बाईंनी ती नदी तीन वेळा ओलांडून घेतली.